भावांच्या वहीची तयारी

भावांची वही म्हणजे वर्गातल्या मुलांनी दर आठवड्याला दुकानात जाऊन रोजच्या जिन्नसांचे भाव टिपायची आणि त्यांचे आलेख काढायची वही. जूनमध्ये शाळा उघडली की तिसऱ्या आठवड्यातच पहिली नोंद पडायला हवी. पावसातली टोमॅटोची उडी, श्रावण, गणपती, दिवाळी असं सगळं मग वहीत आपोआप येतं. त्यासाठी पुढची कामं मेच्या शेवटी उरकून ठेवा.

आधी जिन्नस ठरवा. दहा पुरेत: तांदूळ, तूरडाळ, गोडं तेल, साखर, मीठ, कांदा, बटाटा, टोमॅटो, कोथिंबीर, अंडी. प्रत्येकापुढे नेमका प्रकार लिहा. नुसतं ‘तांदूळ’ लिहिलं तर एकजण कोलम आणतो, दुसरी आंबेमोहोर, आणि आलेख तांदळाचा न राहता दोन घरांचा होतो.

मग एकक ठरवा. इथे मी स्वतः फसलेय. कोथिंबीर ‘जुडी’वर लावली होती, पाच आठवडे भाव दहा रुपये, रेघ सरळ. सहाव्या आठवड्यात एका मुलीने जुडी दाखवली, तर ती मुठीत मावत होती. भाव तोच, जुडी निम्मी! तेव्हापासून वर्गात छोटा वजनकाटा असतो आणि कोथिंबीर शंभर ग्रॅमवर मोजतो. तेलाच्या पिशवीवरचे ग्रॅमही वाचायला लावा. मिलिलिटर आणि ग्रॅम यांत मुलं हमखास घोटाळा करतात.

दुकान तेच, वार तोच. बाजाराच्या दिवशी भाव वेगळा असतो, म्हणून आज सोमवार, पुढच्या वेळी बाजारवार असं चालत नाही. दुकानदारकाकांना आधी भेटून या. संध्याकाळच्या गर्दीत चाळीस पोरं ‘काका, साखर कशी दिली?’ विचारायला लागली तर पुढच्या आठवड्यात कोणी उभं करणार नाही. पाच-पाचच्या गटातून एकच जण जाईल, असं ठरवा.

मध्यक, म्हणजे भाव चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, शिकवायला एका दिवशी पाच दुकानांतला कांदा घ्या. ३०, ३२, ३२, ३५ आणि मॉलमधला निवडलेला ६०: सरासरी ३७.८०, मध्यक ३२. बाईंनी काही सांगायच्या आत मुलंच विचारतात, ‘३७.८० ला कांदा मिळतो कुठे?’

घरात महिन्याला काय किती लागतं, हे मुलांनी आईबाबांना विचारून आणायचं. भार म्हणजे एकूण खर्चात त्या जिन्नसाचा वाटा; तो यावरच समजतो. समजा तांदूळ ५००, डाळ २८०, तेल ४५०, कांदा १२० रुपयांचा, एकूण १३५०. निर्देशांक म्हणजे सुरुवातीचा आकडा १०० धरला तर आताचा किती. फक्त कांदा दुप्पट झाला तर चार जिन्नसांच्या निर्देशांकांची साधी सरासरी १२५ येते, पण खर्च होतो १४७०, म्हणजे निर्देशांक जेमतेम १०८.९. महागाई मोजणाऱ्या देशाच्या ग्राहक किंमत निर्देशांकालाही असेच भार असतात; २०१२ पायाभूत वर्ष असलेल्या, म्हणजे त्या वर्षीचे भाव १०० धरणाऱ्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. घराघरातली रक्कम मात्र फळ्यावर नावानिशी लिहू नका, चिठ्ठ्या गोळा करा.

आलेखाचा कागद, दोन रंगांच्या पेन्सिली, आणि सुट्टीच्या आठवड्यांसाठी वहीत कोरे रकाने. कोरा रकाना अंदाजाने भरायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. दिवाळीनंतर सांगून उपयोग नसतो, तोवर भरलेला असतो.