वळीव यायच्या आत भोपळे घरात घ्या, पण देठ मोडू नका

मंडळी, जानेवारी-फेब्रुवारीत उसाच्या बांधाला लावलेले तांबड्या भोपळ्याचे वेल आता वाळत आलेत आणि दुपारनंतर ढग पण जमायला लागलेत. एक जोराचा वळीव झाला की जमिनीला टेकलेली बाजू नरम पडते, मग तो भोपळा कितीही जपा, टिकत नाही. तरी पण घाईघाईत कवळा तोडू नका. सालीवर नख दाबून बघायचं, रुतलं तर अजून थांबा. रुतत नसेल, देठ वाळून लाकडासारखा झाला असेल, खालचा पांढरा डाग पिवळा पडला असेल तर तो ठेवण्याचा माल.

आता देठाचं ऐका, सगळी नासाडी इथंच होते. पिरगळून तोडतात, नाहीतर देठाला धरून उचलतात, मग देठ बुडातनं निघतो आणि तिथनं बुरशी आत शिरते. वरनं भोपळा ठणठणीत दिसतोय आणि महिन्यानं उचलायला गेलं की बोट आत जातंय, आमचे असे सहा-सात गेलेत एका साली. विळ्यानं दोन इंच देठ ठेवून कापा आणि पोटाखाली हात घालून उचला. ट्रॉलीत फेकाफेकी नको, अंडी समजा. फळमाशीनं टोचलेला, चिरलेला आधी बाजूला काढा, तो याच आठवड्यात भाजीला.

घरी आणल्यावर धुवायचे नाहीत, कोरड्या फडक्यानं माती पुसायची. आठ-दहा दिवस सोप्यात, वारं लागेल अशा सावलीत पसरून ठेवा, साल कडक होते आणि बारीक ओरखडे पण भरून येतात. मे महिन्याच्या उन्हात नको, साल भाजते. मग फळीवर किंवा बाजेवर पोतं टाकून एकेक सुटा ठेवा, एकावर एक रचू नका, फरशीवर तर अजिबात नको, खालनं ओल येते. आणि हो, आंब्याच्या अढीशेजारी ठेवू नका, पिकणाऱ्या फळाच्या वायूनं भोपळा लवकर उतरतो.

कमी पावसाच्या शिरोळकडच्यांना एवढ्यावर भागेल. गगनबावडा-राधानगरीकडं मात्र जुलैत काडेपेटी पण पेटत नाही अशी हवा, तिथं चुलीजवळचा माळाच बरा. जुनी माणसं तुळईला शिंक्यात टांगायची ते उगाच नाही, चारी बाजूनं वारं लागतं. दर आठ दिवसांनी उलटून बघा, एक नासका निघाला की तो लगेच बाहेर. नीट ठेवला तर दोन-तीन महिने सहज जातात, म्हणजे आषाढी आणि श्रावणातले उपवास घरच्या भोपळ्यावर निघतात, चार जास्तीचे असतील तर तेव्हाच बाजारात काढा.

अख्खा भोपळा फ्रीजमध्ये घालू नका, 10 अंशाखाली गारठ्यानं तो बिघडतो. कापलेल्याचा मधला गर आणि बिया आधी काढा, तिथनंच बुळबुळीत होतो, मग डब्यात घालून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. शिजवून फ्रीजरमध्ये ठेवता येतो पण पावसात लाईटचा भरवसा नाही, त्यापेक्षा घारगे करा. किस तुपावर परतून गूळ घालायचा (घरचा नाहीतर गुऱ्हाळाचा, आपल्याकडं त्याला काय तोटा), गूळ विरघळला की उतरवून गार करायचं आणि मावेल तेवढीच कणीक, मूठभर तांदळाचं पीठ. पाणी थेंबभर पण नको, भोपळ्यालाच सुटतं, घातलं की घारगे तेल पितात. तीन-चार दिवस मऊ राहतात.

एक तुकडा कच्चा चाखून बघा मात्र. कडू लागला तर अख्खा भोपळा उकिरड्यावर, गूळ घालून कडूपणा झाकू नका, ते विषारी असतं, उलट्या-जुलाब होतात.

बियाणं धरायचं असेल तर गावरान वेलाचाच, जास्त दिवस टिकलेला भोपळा निवडा, हायब्रीडच्या बिया ठेवून उपयोग नाही, तसंच फळ येत नाही. धुवून सावलीत वाळवा, पण कागदावर नको, चिकटतात, ताटात पसरा.