‘थोडक्यात निभावलं’ ते वहीत लिहा: छोट्या कारखान्यात सुरक्षेची सवय कशी लावावी

साकीनाका, कुर्ला, अंधेरीची एमआयडीसी, वसई. इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या बहुतेक गाळ्यांत ‘सेफ्टी फर्स्ट’चा फलक असतोच, आणि कितीदा तरी त्याच्याच खाली पॉवर प्रेसचा (पत्रा दाबून कापणाऱ्या-घडवणाऱ्या मशीनचा) गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं कवच, खुंटीला टांगलेला सापडतो. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ होते, छातीवर बिल्ले लागतात, ५ तारखेला गार्ड पुन्हा खुंटीवर. दहा-वीस माणसांच्या गाळ्याचे मालक आणि सुपरवायझर यांच्यासाठी हा लेख आहे. सुरुवात फलकापासून नको, खुंटीपासून करा.

१. गार्ड का निघाला, ते शोधा

शिफ्ट चालू असताना रिकाम्या हाताने एक फेरी मारा. ओरडू नका, फोटो काढू नका. काढलेलं, बांधलेलं, अडकवलेलं काय काय आहे तेवढंच बघा: प्रेसच्या दोन बटणांपैकी (दोन्ही हात बाहेर गुंतलेले राहावेत म्हणून ती दोन असतात) एकावर चिकटपट्टी, ग्राइंडरचा टेकू (घासायची वस्तू टेकवायची पट्टी) चाकापासून बोटभर लांब, पॅनेलचं दार सताड उघडं.

मग ऑपरेटरला शांतपणे कारण विचारा. आळस हे उत्तर क्वचितच निघतं. गार्ड लावला की जॉब (घडवायचा तुकडा) नीट बसत नाही, अडकलेला नग काढायला वेळ जातो, आणि पैसे तर नगावर मिळतात. म्हणजे गार्ड काढायला तुमचा दरच सांगतोय. दर गार्ड लावून निघणाऱ्या नगांवर बांधा, अडकलेला नग काढायला लांब चिमटा द्या. हे न करता दिलेलं भाषण वाया जातं.

दोन हातांची बटणं बसवताना इलेक्ट्रिशियन ती नुसती सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडून देतो. तशा जोडणीत एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं की खेळ संपला. त्यासाठीचा खास रिले घ्या: दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक (प्रेसचा एक ठोका), आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक नाही. बटणांमध्ये किमान ५५ सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाच हाताचं कोपर आणि पंजा दोन्हीवर पोचतात. जुन्या पिन क्लचच्या प्रेसवर मात्र बटणांच्या भरवशावर राहू नका. तिथे एकदा क्लच लागला की रॅम (वर-खाली होणारा ठोकणारा भाग) पूर्ण फेरी मारूनच थांबतो, आणि तेवढ्यात हात आत जाऊ शकतो. त्या प्रेसला पक्का बसवलेला गार्डच हवा.

ग्राइंडरचा टेकू चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब नको. चाक झिजलं की फट वाढते, जॉब तिच्यात ओढला जातो आणि चाक फुटतं. टेकू सरकवायचा तो चाक पूर्ण थांबल्यावरच.

२. वही ठेवा

डायचा (प्रेसमधल्या साच्याचा) तुकडा कानाजवळून उडून गेला, की आपल्याकडे एकच वाक्य येतं: ‘थोडक्यात निभावलं’. मग चहा होतो आणि गोष्ट विसरली जाते. पुढच्या वेळी तोच तुकडा डोळ्यात जातो. म्हणून चहाच्या जागेजवळ शंभर पानी वही टांगा, पेन दोरीने बांधा. रकाने चारच: कधी, काय झालं, काय दुरुस्त केलं, केव्हा केलं. नावाचा रकाना मुद्दाम नको. हिंदी, भोजपुरी, मराठी, काहीही चालेल. ज्याला लिहिता येत नाही त्याचं सुपरवायझरने लिहावं.

वही मरते ती दोन कारणांनी. पहिल्याच नोंदीवर ‘चूक कोणाची?’ असं विचारलं गेलं, किंवा चार नोंदी झाल्या आणि हललं काहीच नाही. छोटी दुरुस्ती २४ तासांत करा, मोठी असेल तर कधी होणार ती तारीख लिहा. कोऱ्या पानाचा महिना बघून खूश होऊ नका, आणि ‘शून्य अपघात’ म्हणून बक्षीस तर मुळीच ठेवू नका. बक्षिसापायी लोक कापलेलं बोट रुमालात लपवतात.

३. थांबवणाऱ्याला आधी काय विचारता?

सगळं यावर ठरतं. हेल्परने प्रेस बंद केला आणि शेठ म्हणाले, ‘का बंद केलं?’, तर तो पुन्हा बंद करणार नाही. ‘काय दिसलं रे?’ असं विचारा. धोका नव्हता असं निघालं तरी ‘बरं केलंस’ एवढं सर्वांसमोर म्हणा. खरी परीक्षा मार्चअखेर, टेम्पो दारात उभा असताना होते.

४. ज्याचं काम, त्याचं कुलूप

डाय बदलताना मेन स्विच बंद करणं पुरत नाही, कारण तिसराच कोणी येऊन तो चालू करतो. जुन्या किटकॅट फ्यूजची ग्रिप (ओढून काढता येणारा भाग) खिशात ठेवायची पद्धत चांगली, पण दुसरी ग्रिप कोणीही खोचू शकतो. स्विचला कुलूप लावा, एकच किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात, वर त्याच्या नावाची पाटी. मग स्टार्ट बटण दाबून बघा: मशीन हललं नाही तरच बंद. फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) मोटर बंद झाल्यावरही फिरत राहतं, ते थांबू द्या. रॅमखाली मजबूत ठोकळा ठेवून मगच हात घाला.

५. रोज पाच मिनिटं

शिफ्टच्या सुरुवातीला उभ्याउभ्या एकच विषय, आजच्या कामाचा. लोकल रखडली म्हणून उशिरा आलेल्याला घाईत मशीनवर सोडू नका. त्याला तेच आधी सांगा, मग बटण. पावसाळ्यात गळक्या पत्र्याखालचं पॅनेल आणि ओल्या लाद्या हा विषय ठरलेलाच. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. ट्रिप झाला नाही तर तो बदला. ड्रिलवर हातमोजे का नकोत, हेही सांगून ठेवा: फिरता बिट मोज्यासकट हात ओढून घेतो. नाक्यावरून आलेल्या नव्या माणसाला महिनाभर वेगळ्या रंगाची टोपी द्या आणि एकट्याला मशीन देऊ नका.

६. बाहेर पडायची वाट

१८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला आग लागली आणि आत झोपलेले १२ कामगार गेले. गाळ्यात आणि पोटमाळ्यावर झोपणं बंद, याला अपवाद नको. मीटरभर वाट कायम मोकळी, शटर आतून उघडता आलं पाहिजे. वर्षातून दोनदा सराव घ्या, त्यातला एक दिवे बंद करून. बाहेर आल्यावर डोकी मोजा.

सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीपुरताच तो. त्याहून मोठी दिसली तर बाहेर पळा आणि १०१ लावा. रिफिलची वेळ आली की भरलेला सिलिंडर तसाच एजन्सीला देऊ नका, आधी दोघातिघांना तो मोकळ्या जागेत चालवायला लावा. जानेवारी आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घ्यावा लागतो, त्याच तारखा सरावालाही सोयीच्या.

७. तरीही लागलंच तर

जखम घट्ट दाबून धरा, हात उंच, १०८ लावा. तुटलेलं बोट स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात टाकलं तर ते खराब होतं आणि पुन्हा जोडणं अवघड जातं.

मशीन आहे तसं ठेवा. चौकशीत ‘त्याचं लक्ष नव्हतं’ इथे थांबू नका. लक्ष कोणाचंही जातं, मग त्या क्षणी हात डायपर्यंत पोचला कसा, हे विचारत जा. बदलता येईल अशी वस्तू, दर किंवा पद्धत सापडेपर्यंत विचारा. काय बदललं ते वहीत लिहा, आणि तो माणूस कामावर परत येईल तेव्हा आधी त्याला दाखवा.