स्वर्व्ह मॉड्यूल स्वतः डिझाइन करताय? आधी स्टीअरिंगकडे बघा

स्वर्व्ह ड्राइव्ह म्हणजे रोबोटला कुठल्याही दिशेला नेणारी चाकांची रचना, त्यात प्रत्येक चाकाला दोन मोटरी, एक चाक पळवते आणि दुसरी त्याची दिशा फिरवते, चार कोपऱ्यांत चार मॉड्यूल म्हणजे एकूण आठ मोटरी. पहिल्यांदा डिझाइन करणारे बहुतेक जण स्पीडच्या मागे लागतात, पण मॉड्यूल रडवतं ते स्टीअरिंगच्या भागात, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

ड्राइव्ह मोटर कुठे बसणार ते पहिलं ठरवा. चाकाबरोबर फिरणाऱ्या भागावर ठेवली तर गिअरचं काम सोपं होतं पण वायर पिळत जाते, मग स्लिप रिंग (फिरत्या भागाला वायर न पिळता वीज देणारा जोड) लावा नाहीतर कोडमध्ये फिरण्यावर मर्यादा घाला, दोन्ही डोक्याला ताप. त्यापेक्षा कोअ‍ॅक्सियल, म्हणजे एकाच अक्षावरची, रचना बरी. दोन्ही मोटरी वर चॅसीला फिक्स, पॉवर स्टीअरिंगच्या अक्षातूनच उभ्या शाफ्टने खाली येते आणि बेव्हल गिअरने (काटकोनात फिरवणारे शंकूसारखे गिअर) चाकाकडे वळते, मॉड्यूल कितीही गोल फिरू दे. फक्त यात एक भानगड आहे: ड्राइव्ह मोटर थांबलेली असली तरी स्टीअरिंग फिरलं की चाक थोडं फिरतंच, कारण एक बेव्हल गिअर दुसऱ्याभोवती फिरत असतो. कोडमध्ये तेवढं वजा करा, नाहीतर ओडोमेट्री (चाकांच्या फेऱ्यांवरून रोबोट कुठे पोचला याचा हिशेब) चुकत जाते.

चाक जमिनीला टेकतं ती जागा स्टीअरिंगच्या अक्षाच्या बरोबर खाली यायला हवी. बाजूला सरकली की दर वेळी जोर लावला की चाक स्वतःच वळायला बघतं आणि स्टीअरिंग मोटर त्याच्याशी भांडत बसते. चाक उगाच रुंदही घेऊ नका, जागेवर उभं असताना वळवायला रुंद चाक जड जातं.

बेअरिंगवर मात्र कंजूषी नको. रोबोटचं वजन वरून येतं, धक्के आडवे येतात आणि चाक अक्षाला वाकवायला बघतं, म्हणजे एकाच पातळ साध्या बेअरिंगवर सगळं टाकून चालत नाही. एक्स-कॉन्टॅक्ट बेअरिंग (उभा, आडवा आणि वाकवणारा असा सगळा लोड एकटं घेणारं) घ्या किंवा दोन बेअरिंग एकमेकांपासून जमेल तितकी लांब ठेवा. बेव्हल गिअर लोड आला की एकमेकांना दूर ढकलतात, प्लेट वाकली की दात उडी मारतात, म्हणून शिमची (फट भरायच्या पातळ चकत्यांची) जागा डिझाइनमध्येच ठेवा.

अँगल मोजायला अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर (चालू करताच खरा अँगल सांगणारा सेन्सर), आणि तो मॉड्यूलशी 1:1 फिरला पाहिजे. कोअ‍ॅक्सियलमध्ये मधली जागा ड्राइव्ह शाफ्टने अडवलेली असते, त्यामुळे बाजूला 1:1 गिअर लावून त्याच्या टोकाला एन्कोडर वाचतो तो मॅग्नेट बसवतात. मॅग्नेट व्यासाच्या दिशेने मॅग्नेटाइज केलेलाच हवा, साधा लावाल तर रीडिंग काहीच्या काही येईल.

आता गिअर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला मोटरच्या किती फेऱ्या. समजा मोटर बिनलोड 5,676 आरपीएम, रेशो 6.75:1 आणि चाक 4 इंची, म्हणजे परीघ साधारण 0.319 मीटर, तर स्पीड येतो सुमारे 4.5 मी/से. खरा त्याहून कमीच. दुसऱ्या बाजूने बघा, 60 किलोचा रोबोट आणि घर्षण गुणांक 1.1 धरला तर एका चाकावर जास्तीत जास्त साधारण 8 न्यूटन-मीटर टॉर्क लागू होतो, त्यापुढे चाक नुसतंच घसरतं. मोटरवर हे येतं जेमतेम 1.2 न्यूटन-मीटर, करंट लिमिट त्याच्या आसपास ठेवा, त्याहून जास्त अँपिअर म्हणजे फक्त टायर झिजवणं.

कोडमध्ये चाकाला एका वेळी 90 अंशांपेक्षा जास्त वळवू नका, त्याऐवजी मोटर उलटी फिरवा. चाक अजून योग्य दिशेला पोचलं नसेल तर स्पीडला हव्या आणि प्रत्यक्ष अँगलमधल्या फरकाच्या कोसाइनने गुणा, तिरकं ओढणं बरंच कमी होतं. झिरो सेट करताना चारही बेव्हल गिअर एकाच बाजूला तोंड करून ठेवा, सरळ पट्टी लावून चाकं एका रेषेत आणा आणि ऑफसेट सेव्ह करा, एखादं उलटं राहिलं तर ते चाक बाकीच्या तिघांच्या विरुद्ध ओढतं. टायर झिजला की व्हर्नियरने व्यास मोजून कोडमधला आकडा बदला, 4 इंची चाक 3 मिमीने कमी झालं तर 10 मीटरमागे जवळपास 30 सेमीचा फरक पडतो.