सातव्या महिन्यातलं ‘पित्त’: या चुका टाळा

डोहाळजेवणाच्या रात्री वहिनीच्या उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. दुपारी पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया झालेल्या. त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. आईने थंड दूध दिलं, जिरं चावायला दिलं. उलटी झाली तर म्हणाली, “पित्त पडलं, आता बरं वाटेल.” पहाटे उपकेंद्रातल्या सिस्टरांनी बीपी बघितलं, 164/112. तिथून 108 ने थेट सातारा.

पित्त छातीत जळतं, घशाशी येतं, औषधाने बसतं. हे दुखणं बरगडीखाली किंवा बेंबीच्या वर मधोमध दडपल्यासारखं राहतं, कधी खांद्यात जातं. गरोदरपणातल्या बीपीच्या आजारात यकृताच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, यकृत सुजतं आणि त्यावरचं आवरण ताणलं जातं. सोबत तांबड्या पेशी फुटतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घसरतात. या तिन्हीला मिळून डॉक्टर ‘हेल्प सिंड्रोम’ म्हणतात. 1982 मध्ये अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ लुई वाइनस्टाइन यांनी दिलेलं नाव. विसाव्या आठवड्यानंतर असं दुखलं, डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर सकाळची वाट बघू नका.

“बीपी नॉर्मल आहे ना, मग झालं” हीही चूकच. काही जणींचं यकृत बिघडतं तेव्हा बीपी फारसं वाढलेलंच नसतं. म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीओटी-एसजीपीटी (यकृताची एन्झाइम), क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि लघवीतलं प्रोटीन बघतात. एन्झाइम दुपटीवर आणि प्लेटलेट लाखाच्या खाली म्हणजे गंभीर. इथे सकाळचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत शिळा होतो, पुन्हा रक्त घेतलं तर कुरकुर नको. उलट, एकटं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका, ते वारेतूनही येतं.

डोळे पिवळे व्हायची वाट बघणंही महागात पडतं. या आजारात कावीळ बऱ्याचदा दिसतच नाही. आणि दिसलीच, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्यात तास घालवू नका!

खरा इलाज म्हणजे बाळंतपण. वहिनीचं त्याच दिवशी सिझर झालं, बाळ सव्वा किलोचं. पण मूल झालं की सुटलो असंही नाही, काहींना हे बाळंतपणानंतर, बहुतेक पहिल्या 48 तासांत होतं. घरी जायची घाई आमच्याकडेही झालीच होती.

पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत जुनी फाइल दाखवा. हे पुन्हा होण्याचा धोका कमी करायला ॲस्पिरिनची छोटी गोळी डॉक्टर 12 व्या आठवड्यापासून सुरू करतात, सातव्या महिन्यात आठवून उपयोग नाही.