अपघाताच्या शीटमधी 'निष्काळजीपणा' हा ऑप्शनच ठेवू नका

वाळूजला प्रेस शॉपमधी (मशीननं पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथं) सेफ्टी बघतो मी, अन् सुरुवातीला किती तरी वर्षं माझ्या रजिस्टरात कारणाच्या रकान्यात एकच शब्द असायचा, निष्काळजीपणा. बोट चेपलं, निष्काळजीपणा. फोर्कलिफ्ट धडकली, निष्काळजीपणा. वर्षाअखेरी पाय चार्ट काढला तर अख्खा गोल एकाच रंगाचा, साहेब म्हणले ही भाकर कशाला दाखवायलास?

तर आता कसं करतो ते सांगतो. टॅपरूट, ट्रायपॉड बीटा असल्या अपघाताचं कारण शोधायच्या तयार पद्धती अन् त्यांची सॉफ्टवेअरं मिळतात, पण त्यांचं ट्रेनिंग घ्यावं लागतंय, पैसे लागतात, आपल्या छोट्या शॉपला गूगल फॉर्म अन् शीट पुरतं. फक्त आतली वर्गवारी मनानं बनवू नका. एचएफएसीएस (HFACS) म्हणून अपघातामागची माणसांची कारणं लावायची एक पद्धत आहे, शॅपेल अन् विगमन या दोघांनी अमेरिकन नौदलाच्या विमान अपघातांसाठी बनवलेली, ती घ्या. तिच्यात चार पातळ्या असतात: माणसानं काय केलं, तेव्हा परिस्थिती काय होती, सुपरवायझर काय करत होता, अन् कंपनीचं धोरण काय.

फॉर्मच्या पहिल्या सेक्शनला फक्त हकीकत घ्या, कारण लिहूच देऊ नका. दुसऱ्यात प्रश्न टाका, 'त्याला तेच करायचं होतं का?' नाही असेल तर हात चुकला किंवा विसरला, म्हणजे सवयीच्या कामातली चूक. हो, अन् त्याला ते बरोबरच वाटत होतं, तर निर्णयाची चूक. हो, पण नियम माहीत असून केलं, तर नियमभंग, अन् तिथं लगेच विचारा की बाकीचे पण असंच करतात का. दिसलं किंवा ऐकू आलंच चुकीचं, त्याचा ऑप्शन वेगळा ठेवा. हे वेगळं काढायचं कामून, तर इलाज वेगळा असतोय. ज्याचा हात चुकला त्याला परत ट्रेनिंगला बसवून काय फायदा, त्याला काम येतच होतं की.

प्रश्न 'मल्टिपल चॉइस'चा ठेवला की तीन टिंबांवर दाबून उत्तरानुसार पुढच्या सेक्शनला पाठवता येतं. चेकबॉक्सला ही सोय नाही, शिवाय चेकबॉक्सची सगळी उत्तरं शीटमधी एकाच सेलला स्वल्पविराम लावून येतात अन् पिव्होट टेबलची (कुठलं कारण किती वेळा ते मोजायच्या तक्त्याची) पार वाट लागते, मी एकदा रात्री अकरापर्यंत ते सोडवत बसलो होतो. म्हणून चारी पातळ्यांना वेगळा प्रश्न, प्रत्येक कंपल्सरी, अन् 'लागू नाही' निवडलं तर कामून ते लिहायचं. मेन गोष्ट हीच हाय, पहिल्या पातळीवर थांबून सबमिट करताच येऊ नये.

आमच्याकडची एक केस बघा. सेकंड शिफ्ट, ऑपरेटरचा डावा हात डायमधी (प्रेसच्या साच्यात) गेला, दोन बोटं चेपली. टू-हँड बटनापैकी (दोन्ही हात बटनांवर अडकून डायबाहेर राहावेत म्हणून असतात ती) एकात पुठ्ठ्याची घडी खोचलेली. जुन्या रजिस्टरात विषय इथंच संपला असता. फॉर्ममधी पहिली पातळी, नियमभंग, अन् रोजचाच, त्या लाइनवर सगळेच खोचायचे. दुसरी: पॅनल जुनं, एक बटन दाबून ठेवलं तरी दुसऱ्यावर स्ट्रोक यायचा (नीट पॅनलला दोन्ही बटनं ०.५ सेकंदाच्या आत सोबत दाबावी लागतात), वरून पीस डायला चिकटायचा अन् काढायला चिमटा नव्हता. तिसरी: सुपरवायझर रोज त्या पुठ्ठ्याजवळून जायचा. चौथी: इन्सेन्टिव्ह पीसवर, म्हणजे जितके जास्त पीस तितके जास्त पैसे. आता सांगा, त्या पोराला मेमो देऊन काय झालं असतं?

अजून एक, एकट्यानं कोडिंग, म्हणजे कुठली केस कुठल्या ऑप्शनला टाकायची ते, करू नका. जुन्या २० केसेस काढा, तुम्ही अन् मेंटेनन्सचा एक जण वेगवेगळे बसून भरा, मग जुळवा. १४ जुळल्या म्हणजे ०.७० झालं, पण काही नुसत्या योगायोगानं पण जुळतात, तुमच्या दोघांच्या उत्तरांवरून तो भाग समजा ०.४० निघाला, तर ०.७० वजा ०.४०, भागिले १ वजा ०.४०, आलं ०.५०. याला कोहेनचा कप्पा (kappa) म्हणतात, योगायोग काढून दोघांचं खरं किती जुळलं त्याचा आकडा. ०.५० काही खास नाही, आमच्यात भांडण 'सवयीची चूक' अन् 'निर्णयाची चूक' यावर लै व्हायचं, मग प्रत्येक ऑप्शनखाली आपल्याच शॉपमधलं एक उदाहरण लिहून टाकलं तेव्हा कुठं जुळायला लागलं.

शीटमधी नावाचा रकाना ठेवू नका, टोकन नंबर पण नको. नाव दिसलं की लोकं हकीकत सांगायची बंद होतात. आमच्या फॉर्ममधी पहिल्यांदा नाव होतं, तेव्हा त्या पुठ्ठ्याबद्दल कुणीच बोललं नव्हतं, तो मला प्रेसखाली झाडताना सापडला.