शेतीची असुरक्षितता मोजताना या चुका टाळा

हवामानाचा फटका कुठल्या भागातल्या शेतीला जास्त बसेल, याचा नकाशा तयार होतो आणि त्यात कोरडवाहू पट्टा हिरवागार (म्हणजे सुरक्षित), बागायती पट्टा लालभडक (म्हणजे असुरक्षित)! असं दिसलं की लोक माहितीलाच दोष देतात आणि पुन्हा आकडे गोळा करायला निघतात. त्याआधी निर्देशकांची, म्हणजे सिंचन, पाऊस अशा ज्या आकड्यांवरून असुरक्षितता मोजतो त्यांची दिशा तपासा: आकडा वाढला की असुरक्षितता वाढते की घटते? बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

समजा, तीन भागांत सिंचन १०, ४० आणि ७० टक्के आहे. ० ते १ या पट्टीवर आणल्यावर गुण होतात ०, ०.५ आणि १. हे तसेच बेरजेत गेले, तर सर्वाधिक पाणी असलेला भाग सर्वाधिक असुरक्षित ठरतो. म्हणून हे गुण १ मधून वजा करायचे. प्रत्येक निर्देशकापुढे अधिक की उणे, हे गणिताआधीच कागदावर लिहा. (आणि सिंचन म्हणजे पाण्याची हमी नव्हे. विहिरींची पातळी दरवर्षी खाली जात असेल, तर त्या ७० टक्क्यांवर फार विसंबू नका.)

दुसरा घोळ व्याख्येचा. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००७ च्या अहवालात असुरक्षिततेचे तीन घटक होते: हवामानाच्या माऱ्याला सामोरं जाणं (एक्सपोजर), संवेदनशीलता आणि जुळवून घेण्याची क्षमता. २०१४ च्या अहवालात एक्सपोजर बाहेर काढून जोखमीचा वेगळा घटक केला गेला. जुन्या चौकटीतली असुरक्षितता नव्या जोखमीच्या सूत्रात घातली, की एक्सपोजर दोनदा मोजलं जातं. एकच चौकट धरा आणि ती अहवालात स्पष्ट लिहा.

वार्षिक पावसाची सरासरी मात्र मला सर्वात फसवी वाटते. ६०० मिलिमीटर पाऊस ४५ दिवसांत विभागून पडला तर पीक हाती येतं. तोच १५ दिवसांत कोसळून मध्ये तीन आठवड्यांची उघडीप पडली तर उभं पीक करपतं. सरासरीत दोन्ही वर्षं सारखीच. तापमानाचंही तेच. भात फुलोऱ्यात असताना पारा ३५ अंशांच्या वर गेला की दाणे पोचट राहू लागतात. हंगामाच्या सरासरीत ते चार दिवस दिसतही नाहीत. उघडिपीचे दिवस मोजा, पिकाच्या नाजूक अवस्थेतलं तापमान पाहा.

सगळ्या निर्देशकांना समान वजन देणं हाही एक निर्णयच असतो. वजनं थोडी बदलून क्रमवारी टिकते का, ते बघा.

शेवटी एखाद्या भागाला मिळालेला, समजा ०.६२, हा आकडा फक्त तुलनेत घेतलेल्या भागांच्या त्या यादीपुरता असतो. यादीत एखादा टोकाचा भाग आला की बाकीच्यांचे गुणही हलतात. पाच वर्षांनी तुलना करायची असेल, तर आजची किमान-कमाल मूल्यं जपून ठेवा आणि तेव्हाही तीच वापरा.