मोर बेटर, सीनियर दॅन मी... इंग्लिशमध्ये तुलना करताना या चुका टाळा

मराठीत तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’वर असतो. ‘साल्हेरपेक्षा कळसुबाई उंच’ म्हटलं की झालं काम, ‘उंच’ला हातही लावावा लागत नाही. इंग्लिशमध्ये नुसतं दॅन लावून भागत नाही, हायचं हायर पण करावं लागतं, आणि आपली गाडी नेमकी तिथेच अडकते. कोणी ‘हाय दॅन’ म्हणून मोकळा होतो, तर कोणी सेफ साइड म्हणून डबल डोस देतो, मोर हायर, मोर बेटर! शेवटी ‘अर’ लागला की मोर नको. हॅपी, ईझीचं पण हॅपियर, ईझियरच होतं, मोर लागतं ते ब्युटिफुल, एक्स्पेन्सिव्हसारख्या लांबलचक शब्दांना. आणि ‘खूपच बेटर’ म्हणायचंय? मग मच बेटर म्हणा, व्हेरी बेटर नाही.

आता खरी गंमत, आणि परीक्षेतल्या ‘डिग्री बदला’मध्ये, म्हणजे तेच वाक्य तुलनेच्या दुसऱ्या रूपात लिहायच्या प्रश्नात, मार्क जातात ते पण इथेच. ‘कळसुबाई महाराष्ट्रातल्या सगळ्या शिखरांपेक्षा उंच’ हे आपल्याकडे बिनधास्त चालतं, पण तेच ‘हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ लिहिलं की गडबड, कारण 1646 मीटरची कळसुबाई स्वतः पण महाराष्ट्रातच आहे ना, म्हणजे ती स्वतःपेक्षाच उंच झाली की! म्हणून ‘एनी अदर पीक’. तेच वाक्य एव्हरेस्टबद्दल असेल तर मात्र अदर नको, एव्हरेस्ट कुठे महाराष्ट्रात आहे. हायेस्ट वापरलं तर आधी ‘द’ टाका, मराठीत असलं काही नसल्यामुळे तो हमखास राहतो.

सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही मंडळी दॅन घेतच नाहीत, त्यांना टू लागतं. ‘ही इज सीनियर टू मी’. प्रिफरचं पण तेच, ‘आय प्रिफर टी टू कॉफी’. ऑफिसच्या मेलमध्ये ‘सीनियर दॅन मी’ इतकं दिसतं की आता तेच बरोबर वाटायला लागलंय, पण नाहीये.

‘द पॉप्युलेशन ऑफ मुंबई इज लार्जर दॅन पुणे’ यात तुम्ही लोकसंख्येची तुलना अख्ख्या शहराशी करताय, तिथे ‘दॅन दॅट ऑफ पुणे’ हवं. बोलताना कोणी अडवणार नाही, पेपरात मात्र मार्क कापतील.

आणि टाइप करताना दॅनच्या स्पेलिंगमध्ये ‘ए’च्या जागी ‘ई’ पडला की त्याचं ‘देन’ होतं, म्हणजे ‘मग’. स्पेलचेकच्या भरवशावर राहू नका, दोन्ही शब्द खरेच असल्यामुळे बऱ्याचदा लाल रेघ येतच नाही.